चेस एच.क्यू. स्पेक्ट्रमवर: रंग नाहीत, तरी एवढं कौतुक कशाचं?

नवखा_चालक

मंडळी, प्रश्न भाबडा आहे, सांभाळून घ्या.

सध्या टायटोचा १९८८चा आर्केड खेळ (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा) चेस एच.क्यू. खेळतोय, मेम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. रेडिओवर नॅन्सी सांगते की आयडाहोचा रॅल्फ पांढऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधून पळालाय, आणि आपण काळी पोर्शे घेऊन त्याच्या मागे. शर्यत जिंकायची वगैरे भानगड नाही. गाठायचं आणि ठोकायचं, समोरच्या गाडीतून धूर निघून ती थांबेस्तोवर ठोकत राहायचं. जाम मजा येते.

मग वाटलं, ओशन कंपनीने १९८९मध्ये याच्या घरच्या कॉम्प्युटरसाठी ज्या आवृत्त्या काढल्या त्याही बघाव्यात. झेडएक्स स्पेक्ट्रमची आवृत्ती उघडली आणि चाटच पडलो. वरच्या पट्टीत थोडेफार रंग आहेत, पण खाली रस्ता, झाडं, माझी गाडी, चोराची गाडी, सगळं एकाच शाईत. लॅम्बोर्गिनी पिवळी आहे हे सांगितलं म्हणून कळायचं. आणि तरीही जुनी माणसं हिचंच नाव आधी घेतात! कमोडोर ६४च्या आवृत्तीत रंग आहेत, पण तिचा विषय काढला की सगळे नाक मुरडतात.

तर तीन शंका. रंग न देणं हा आळस होता की मशीनची मर्यादा? ४८के मेमरीच्या स्पेक्ट्रमची आवृत्ती घ्यावी की १२८केची? आणि तिसरी जरा लाजिरवाणी: शिकागोच्या ड्रगवाल्यांची चंदेरी पोर्शे ९५९ काही केल्या हाती लागत नाही, वेळ संपतो. काही युक्ती?

---

टेप_उलटी_करा

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. १२८के. डोळे झाकून.

४८केमध्ये मावत नाही म्हणून टप्पे टेपवरून एकेक करून लोड होतात. हरलात की टेप गुंडाळून परत पहिला टप्पा. १२८केमध्ये सगळं एकदाच मेमरीत येतं. शिवाय त्यात एवाय-३-८९१२ ही ध्वनीची चिप आहे, त्यामुळे संगीत आहे आणि रेकॉर्ड केलेलं बोलणंही ऐकू येतं. ४८केच्या बीपरला आवाज काढायचा तर प्रोसेसरने स्वतः एक बिट वरखाली करत बसावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ चित्र काढणं बंद. एवायला एकदा सांगितलं की ती आपली वाजत राहते.

एम्युलेटरमध्ये ४८केच हवी असेल तर टीझेडएक्स फाइल वापरा. त्या प्रकारात 'मशीन ४८के असेल तर टेप थांबव' असं सांगणारी सोय आहे. साध्या टॅप फाइलमध्ये ती नाही, मग टेप आपली पुढे धावत राहते आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसता.

---

रिकामा_स्टॅक

पहिल्या प्रश्नावर मी थोडं लांबण लावणार आहे. झेड८०वर (स्पेक्ट्रमचा प्रोसेसर) रस्ता पळवणारं इंजिन स्वतः लिहायचा उद्योग मी हौसेखातर केलाय, त्यामुळे या खेळाबद्दल बोलायला बसलो की थांबत नाही. घरचे उठून जातात, तुम्ही निदान स्क्रोल करू शकता.

आळस तर अजिबात नाही. ठरवून सोडलेत ते रंग.

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. ठिपका पेटलाय की विझलाय एवढंच मुख्य मेमरीत असतं, त्याला ६१४४ बाइट लागतात. रंग वेगळे ठेवलेले असतात, आणि ठिपक्यागणिक ठेवलेले नसतात. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन, त्याला एक शाई (पेटलेल्या ठिपक्यांचा रंग) आणि एक कागद (मागचा रंग). असे ३२ गुणिले २४ चौकोन, म्हणजे ७६८ बाइट. झाला १९८२च्या मशीनचा रंगविभाग. मेमरी वाचवायला ही युक्ती झकास होती, पण हलत्या खेळाच्या मुळावर आली.

तुमची पिवळी लॅम्बोर्गिनीच घ्या. ती हिरव्या झाडाजवळून चाललीय. एका चौकोनात तिच्या मागच्या दिव्याचे तीन ठिपके आलेत आणि उरलेल्या जागेत झाडाचं खोड आहे. शाई एकच. पिवळी दिली तर खोड पिवळं, हिरवी दिली तर दिवा हिरवा. पुढच्या फ्रेमला गाडी दोन ठिपके सरकली की शेजारचे चौकोनही बाधित. ओल्या कपड्याचा रंग शेजारच्याला लागावा तसा रंग पसरत जातो. एका पडद्यावर उभं राहून उड्या मारायच्या खेळात हे सांभाळता येतं, कारण चित्रकार वस्तू चौकोनांत बसवून काढतो. इथे मात्र रस्ता वळतोय, चढतोय, उतरतोय, फाटे फुटतायत, आणि दर क्षणी प्रत्येक गोष्टीचा आकार बदलतोय. तिथे चौकोन कोण सांभाळणार?

दुसरं कारण वेळेचं, आणि मला विचाराल तर खरं कारण हेच. ४८के स्पेक्ट्रमचा झेड८० साडेतीन मेगाहर्ट्झचा. पडदा सेकंदाला सुमारे ५० वेळा रंगतो आणि दोन रंगण्यांमध्ये प्रोसेसरला ६९,८८८ टी-स्टेट, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, मिळतात. मशीनमध्ये स्प्राइटचं (पडद्यावर सुटी हलणारी चित्रं) हार्डवेअर नाही, पडदा सरकवायचं हार्डवेअर नाही, दुसरा पडदासुद्धा नाही (तो १२८केत आला). चित्र थेट पडद्यावर काढत गेलं तर लुकलुकतं, म्हणून आधी मेमरीत बाजूला पूर्ण चित्र तयार करायचं आणि मग ते पडद्यावर उचलून टाकायचं. हे उचलणं केवढ्याला पडतं बघा. झेड८०ची नेहमीची एलडीआयआर सूचना बाइटमागे २१ टी-स्टेट खाते. ६१४४ बाइट गुणिले २१, झाले १,२९,०२४. म्हणजे नुसतं तयार चित्र हलवण्यात जवळजवळ दोन फ्रेम गेल्या. त्यात अजून रस्त्याची एक ओळही काढलेली नाही.

मग लोक स्टॅकशी खेळतात, म्हणजे प्रोसेसर तात्पुरत्या गोष्टी ठेवतो त्या मेमरीतल्या चळतीशी. (माझं इथलं नाव त्यावरूनच.) स्टॅक पॉइंटर चित्राकडे वळवायचा, पॉपने दोन बाइट उचलायचे, पुशने दोन बाइट ठेवायचे. पॉपला १०, पुशला ११, म्हणजे दोन बाइटना २१. खर्च निम्म्यावर! इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच दुसऱ्या कामाला बोलावणारे इशारे) मात्र आधी बंद करावे लागतात. नाहीतर ऐन कामात इंटरप्ट आला की परतीचा पत्ता थेट तुमच्या चित्रावर लिहिला जातो, आकाशात मधेच दोन बाइटचा कचरा दिसतो. त्यात पडद्याची मेमरी ज्या १६केत आहे तिथे यूएलए चिपचा हक्क पहिला. ती पडदा रंगवत असताना प्रोसेसरने तिथे हात घातला की त्याला ताटकळत ठेवलं जातं.

आता या हिशेबात रंगांचा व्याप घाला. प्रत्येक फ्रेमला गाडी कुठल्या चौकोनांत आहे ते शोधायचं, जुने रंग पुसायचे, नवे भरायचे, आणि एवढं करून परत ते पसरलेलेच दिसणार. जॉन ओब्रायनने (कोड त्याचा) हे केलंच नाही. वेळ, गुण, वेग हे सगळं पडद्याच्या वरच्या भागात ठेवलं. ते जागचं हलत नाही, त्यामुळे तिथे रंग बिनधास्त. रस्त्याची खिडकी त्याच्या खाली, म्हणजे पूर्ण पडदा दर वेळी हलवायची गरजच नाही. आणि त्या खिडकीत गाड्या, झाडं, रस्त्याच्या कडा सगळ्यांना एकच शाई. जो वेळ वाचला तो वेगात घातला.

बिल हार्बिसनचं चित्रकाम इथे नीट बघण्यासारखं आहे. एका शाईत सगळं काढायचं म्हणजे काळ्या गाडीमागे काळं झाड आलं की दोन्ही एकमेकांत विरघळणार. त्यावर उपाय म्हणजे वस्तूभोवती मोकळी कड सोडायची आणि छटा दाट-विरळ ठिपक्यांनी आणायची. खेळ मध्येच थांबवून आपल्या पोर्शेची मागची बाजू मोठी करून बघा. काच, दिवे, बंपर, सगळं फक्त 'ठिपका आहे' आणि 'ठिपका नाही' यांतून आलंय. मोठा करून पाहिल्यावर नुसती जाळी दिसते, लांबून गाडी दिसते.

आर्केडशी तुलना करताना तिथे काय होतं हे विसरू नका. टायटोच्या त्या बोर्डवर १२ मेगाहर्ट्झचे दोन ६८००० प्रोसेसर होते, आवाजासाठी वेगळा झेड८० आणि यामाहाची वायएम२६१० चिप. स्प्राइट लहानमोठे करायचं काम हार्डवेअर करायचं. म्हणजे स्पेक्ट्रममध्ये जो एकुलता एक प्रोसेसर राबत होता, तसला आर्केडमध्ये फक्त आवाज सांभाळायला ठेवला होता. स्पेक्ट्रमवर चालू खेळात चित्र लहानमोठं करायला वेळच नसतो, म्हणून अशा खेळांत एकच गाडी वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगवेगळ्या आकारांत आधीच काढून ठेवतात. प्रत्येक आकार मेमरी खातो, आणि टेपवरून टप्पे का लोड करावे लागतात याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. आर्केडचा आत्मा रंगांत नव्हता. चोर दिसला की सोबती छतावर लाल दिवा ठेवतो, सायरन सुरू होतो, आणि मग पहिली धडक. ती धडक बसायला समोरची गाडी झपाट्याने मोठी होत यायला हवी, तुमच्या हाताला लगेच प्रतिसाद मिळायला हवा. हे सेकंदाला चार-पाच चित्रांत जमत नाही, मग त्यात सोळा रंग भरा नाहीतर साठ. सेगाचा आऊट रन स्पेक्ट्रमवर आला होता तेव्हा कसा रखडायचा ते ज्यांनी सोसलंय, त्यांना चेस एच.क्यू. पहिल्यांदा सुटताना बघून काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

---

नवखा_चालक

दादा, दंडवत. गाडी मोठी करून बघितली. खरंच, बंपर म्हणजे नुसती एक आड एक ठिपक्यांची रांग आहे!

पण मग एक खटकतंय. कमोडोर ६४मध्ये तर स्प्राइटचं हार्डवेअर होतं, रंगांचा असा घोळही नव्हता. तिथे का फसलं? तिथेही ओशनच होती ना?

---

रिकामा_स्टॅक

स्प्राइट होते, पण कसले ते बघा. एका ओळीवर आठ, प्रत्येक २४ बाय २१ ठिपक्यांचा. हार्डवेअरने करता येतो तो बदल एकच, दुप्पट. आडवा दुप्पट नाहीतर उभा दुप्पट. दीडपट नाही, सव्वापट नाही. आडव्या सरकणाऱ्या नेमबाजीच्या खेळांना सोनं, पण समोरून मोठी होत येणाऱ्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही. जवळ आलेली गाडी एका स्प्राइटमध्ये मावत नाही, दोनचार जोडावे लागतात. तुमची गाडी, चोराची गाडी आणि मध्ये एक सामान्य नागरिक, एवढ्यात आठ संपतात. उरलेलं सगळं प्रोसेसरने हाताने काढायचं.

आणि प्रोसेसर एक मेगाहर्ट्झच्या आतबाहेर. आता इथे लगेच 'एक विरुद्ध साडेतीन' असं भांडण सुरू होतं, ते तितकं सरळ नाही. कमोडोरचा ६५१० एका सूचनेला २ ते ७ चक्रं घेतो, झेड८० ४ पासून २३ पर्यंत. त्यामुळे प्रत्यक्षातला फरक आकड्यांपेक्षा बराच कमी. पण बाइटचे ढीग इकडून तिकडे टाकायचं काम असेल तर झेड८०ची ती पुश-पॉपची चलाखी भारी पडते.

तरी सगळं खापर मशीनवर फोडणं मला पटत नाही. कमोडोरवर गुळगुळीत पळणारे रस्त्याचे खेळ होते. प्रत्येक आवृत्ती वेगळ्या हातांनी, ठरलेल्या तारखेच्या आत लिहिलेली असायची, त्यामुळे डब्यावर कंपनीचं नाव एक असलं तरी आतला माल वेगळा.

---

सोळा_बिटवाली

स्टॅकदादांच्या 'आर्केडचा आत्मा रंगांत नव्हता' याला माझा अर्धाच होकार.

आर्केडच्या सिटडाउन (आत बसून खेळायच्या) कॅबिनेटवर खेळा एकदा. टर्बोचं बटण गिअरच्या दांड्यावरच असतं, अंगठ्याखाली. बटण दाबल्यावर आवाज, रंग आणि वेग तिन्ही एकदम अंगावर येतात. संध्याकाळचं आकाश, वाळवंटाचा पिवळा, हे नुसतं सजावट म्हणून नव्हतं. आपण किती लांब आलो हे त्या रंगांवरून कळायचं. स्पेक्ट्रमवर ते गेलंच. वेगासाठी दिलेली किंमत रास्त होती हे मान्य, पण किंमत दिली हे तरी म्हणा.

आणि अॅमस्ट्रॅड सीपीसी या कॉम्प्युटरला कोणी विचारतच नाही! तिथेही झेड८०च आहे, चौकोनांची कटकट नाही, आणि चेस एच.क्यू. रंगीत आहे. पडद्याची मेमरी १६के, म्हणजे हलवायचं ओझं स्पेक्ट्रमच्या दुपटीहून जास्त, तरी चांगली पळते. नवखा_चालक, रंग आणि वेग दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर ती खेळून बघा.

अमिगा कॉम्प्युटरचं नाव घेऊन कोणी येण्याआधी सांगते, मी अमिगावालीच आहे आणि तिथे माझी निराशा झाली. एकच ६८०००, तोही सात मेगाहर्ट्झचा, आणि स्प्राइट लहानमोठे करणारं हार्डवेअर नाही. रंग भरपूर, दम कमी.

---

रिकामा_स्टॅक

बरं ताई, किंमत दिली. लिहून घ्या. सीपीसीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

---

हाय_गिअर

तिसरा प्रश्न सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला, म्हणून मी लिहितो. मला आतलं यंत्र कळत नाही, फक्त चोर पकडता येतात.

तुमचं घोडं टर्बोवर अडलेलं असणार. बहुतेक जण टप्पा सुरू झाला की उत्साहात तिन्ही टर्बो उडवतात आणि पुढच्याच वळणावर बाहेर जातात. पहिला टर्बो लांब सरळ रस्ता मिळेपर्यंत शिवायचा नाही. निदान एक तरी टर्बो चोर दिसल्यानंतरसाठी ठेवायचा, कारण धडक दिली की आपलाही वेग पडतो आणि तो निसटतो. ते अंतर भरून काढायला टर्बोसारखं काही नाही.

घड्याळाचं असं आहे की चोराला गाठलं की वेळ वाढवून मिळतो. म्हणजे पहिल्या भागात एकच काम, न आपटता पुढे जाणं. तिथे नागरिकांच्या गाड्यांना घासत बसलात की संपलं. दोन गाड्या शेजारी शेजारी दिसल्या तर मधून घुसायचा मोह टाळा, कडेने जा. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, म्हणून वळण यायच्या जरा आधीच आतली बाजू धरा. ऐन वळणात दांडी दाबून काही होत नाही. वेग फारच पडला तर लो गिअर टाका, उचल मिळाली की लगेच हाय. लोमध्येच राहिलात तर इंजिन नुसतं ओरडतं.

फाट्यावर बाण दाखवतात त्याच बाजूला जा. चुकीच्या बाजूनेही रस्ता आहे, पण अंतर वाढतं, आणि त्या ९५९च्या बाबतीत तेवढं अंतर पुरे होतं तुम्हाला हरवायला.

ठोकताना बरोबर मागून, सरळ रेषेत. बाजूने ढकलाढकली केली तर तुम्हीच कडेला जाता. तो डावीउजवीकडे पळत राहतो, त्याच्या मागे मागे फिरू नका. मधली जागा धरून राहा, तो परत तुमच्या समोर येतोच.

---

नवखा_चालक

९५९ पकडली!!! टर्बोचंच दुखणं होतं. दोन राखून ठेवले, फाट्यावर बाण पाळला, शेवटचा टर्बो धूर निघायला लागल्यावर मारला. आता निळी फेरारी. हा अपहरण करणारा तर आणखीच सुसाट दिसतोय.

एक बारीकशी तक्रार उरली. १२८केत खेळतोय, वेग चांगला आहे, पण मधूनमधून रस्ता बारीक हिसका देतो. ठरावीक अंतराने. हे मूळ खेळातच आहे का?

---

टेप_उलटी_करा

नाही, तो तुमच्या मॉनिटरचा हिसका आहे. स्पेक्ट्रम सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, तुमचा मॉनिटर बहुधा ६० वेळा. मग काही चित्रं दोनदा दाखवली जातात आणि डोळ्याला ती ठेच जाणवते. मॉनिटरला ५० किंवा १०० हर्ट्झ चालत असेल तर सेटिंगमध्ये ते निवडा आणि एम्युलेटरमधलं व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या तालावर बदलण्याची सोय) चालू करा. एम्युलेटरचा वेग १२० टक्के करून ६०ला जुळवायचा सल्ला कुठे वाचलात तर ऐकू नका. खेळ पळेल झकास, पण घड्याळही तेवढंच पळेल, आणि फेरारीसाठी तुम्हाला वेळ लागणार आहे.